धाकट्याच्या वाटणीचा बोल्ट

बाबांनी तोही बोल्ट नापास केला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"नंबर जुळत नाही," ते म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा रायफलीच्या दस्त्याला तेल चोळायला लागले.

नंबर जुळणार कुठून? असल्या जुन्या रायफलीच्या नळीवर आणि नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवर कारखान्यातच एकच नंबर ठोकलेला असतो. आजोबांच्या या रायफलीचा खरा बोल्ट काकांकडे होता, आणि तो तिकडे कसा गेला हे सांगायला लागले की मला अजून संताप येतो. दुकानाच्या वाटणीत लेथ बाबांना गेलं, ड्रिल काकांना. रायफल मात्र दोघांनाही हवी होती आणि कोणी माघार घेईना. मग वडीलधाऱ्यांनी बसून अक्कल पाजळली. नळी आणि दस्ता थोरल्याला, बोल्ट धाकट्याला! म्हणजे भांडणही मिटलं आणि उद्या कोणी कोणावर झाडायची भीतीही नाही. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. पिढ्यान्‌पिढ्या बंदुका दुरुस्त करणारं घर, आणि त्यांनी धडधाकट बंदूक मोडून वाटून घेतली. भांडण तर मिटलं नाहीच. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

म्हातारपणी बाबांनी ती रायफल पुन्हा उभी करायला घेतली. नळीतला गंज काढला, चापाची स्प्रिंग स्वतः वळवली, दस्त्याला नवं लाकूड जोडलं. राहिला बोल्ट. त्यासाठी मी भंगारबाजार पालथा घातला. तिथले लोक मला लांबूनच बघून "आली बोल्टवाली" म्हणायला लागले. आणलेला प्रत्येक बोल्ट मी मापाचं गेज लावून तपासायची, कारण बोल्ट सैल बसला तर स्फोट झाडणाऱ्याच्याच तोंडावर होतो. हा शेवटचा तर अगदी चपखल बसला होता.

"गेज नीट लागतंय बाबा, तुम्हीच बघा."

"बसला म्हणून काय झालं? परक्याचा आहे."

"मग आपल्याचा मागा ना! काकूचा फोन आला होता. सोमवारी काकांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीयेत."

"ठाऊक आहे मला." त्यांच्या हातातली तेलाची चिंधी थांबली नाही. "त्याने बोल्ट पाठवून द्यावा. मी काही त्याचा हात धरलेला नाही."

मग मात्र मी तोंडाला येईल ते बोलले. भाऊ मरायला टेकलाय आणि तुम्ही नंबर कसले जुळवताय, असंही बोलले. त्यांच्या हातातून रायफल ओढून घेतली, चादरीत गुंडाळली आणि निघाले.

"ठेव ती खाली! ठेव म्हणतो ना!" बाबा एप्रन न काढताच माझ्या मागे धावले.

काकांचं घर मागच्याच गल्लीत. आमच्या लेथचा आवाज त्यांना घरात बसून ऐकू जायचा, याचाही मला तेव्हा राग आला.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. मी चादर सोडली. त्यांनी शेजारच्या खणातून तेलकट फडकं काढलं. आत बोल्ट होता, गंजाचा ठिपकाही नसलेला. म्हणजे दोघेही आपापल्या घरात आपापला तुकडा पुसत बसले होते! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला.

बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले. "पोरीने चोरून आणलीय," ते भिंतीकडे बघत काकूला म्हणाले. "परत द्यायला सांगा तिला."

काकांनी रायफल मांडीवर घेतली आणि बोल्ट मागून आत घातला. तो अडकला. त्यांनी तसाच रेटला. लोखंड करकरलं. दारात बाबांची चुळबुळ सुरू झाली. काकांनी तळहाताने बोल्टवर एक दणका दिला.

"अरे गाढवा, आधी चाप दाब ना! ओरखडे पाडतोयस सगळीकडे!"

काकांनी मान वर केली नाही. "बोटात जोर नाही राहिला. ये, तू दाब."

बाबा चपलांसकट आत आले. पलंगापाशी गुडघे टेकले, चाप दाबून धरला. काकांनी बोल्ट सरकवला, मूठ खाली वळवली. बसला.

चाप दाबायला कसला आलाय जोर? लहान मूलही दाबेल. आणि एकत्र होतो तेव्हा दुकानातले सगळे बोल्ट काकाच बसवायचे, डोळे मिटून. मलाही त्यांनीच शिकवलं होतं. हे सगळं माझ्या ओठांवर आलं, तेवढ्यात काकूने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते.

तरी माझ्याने राहवलं नाही. "एवढंच होतं तर इतकी वर्षं काय झोपला होतात दोघे?" मी ओरडलेच.

माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. बाबा तसेच गुडघ्यांवर बसून, अजून चिडक्याच आवाजात काकांना विचारत होते, "सोमवारी सकाळी न्यायचंय का? कोण येतंय तुझ्याबरोबर?"