धुतलेला बूट

“संपलं का तुझं सोवळं, वैद्यनाथा?” जीपमधून संशोधन केंद्राचे प्रमुख राधाकृष्णराव ओरडले.

पापनाशमच्या एका बांधावर बसून वैद्यनाथ चपलांची माती खरवडत होते. मागे खरबुजाचे शेत मर रोगाने झोपले होते. बुंध्यांवर तांबूस डिंक, डिंकावर माश्या, फुटक्या फळांचा आंबूस दर्प. मर न लागणारे म्हणून त्यांच्याच संशोधन केंद्राने वाटलेले बियाणे होते ते.

“सर, मर आणणारी इथली बुरशी वेगळी आहे,” जीपमध्ये बसताना ते पुटपुटले. “आपण बियाणं तपासलं ते एकाच जुन्या बुरशीवर. प्रयोगशाळेच्या बाटलीत राहून ती मवाळ झालेली.”

“ठाऊक आहे मला. इन्नंबूरला तर वेल हिरवे आहेत ना? प्रसिद्धीचा फोटो तिथला काढू.”

म्हणजे साहेबांना ठाऊक होते!

इन्नंबूरची बुरशी सौम्य होती, म्हणून तिथल्या शेतकरीण अलमेलूचे शेत उभे होते. पापनाशमची माती तिथे पोचली की तेही संपणार. चपला धुतल्याशिवाय कुणाला आत सोडणार नाही, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. त्यासाठी ती बांधावर पाण्याची कळशी भरून ठेवी.

इन्नंबूरला अलमेलूच्या बांधाशी राधाकृष्णराव उतरले. दोन्ही बुटांना पापनाशमचा चिखल होता. फोटोग्राफर वाट पाहत होता.

“सर, बूट...” वैद्यनाथ कळशीकडे पाहत म्हणाले.

“का हो सार,” अलमेलू वैद्यनाथांकडे वळून हलक्या आवाजात तमिळमध्ये म्हणाली, “माझ्या सुनेलासुद्धा तुम्ही पाय धुवायला लावता. हे काय आभाळातून उतरलेत?”

वैद्यनाथांनी कळशी उचलली आणि ते साहेबांच्या पायाशी बसून एक बूट बोटांनी घासू लागले.

राधाकृष्णराव गहिवरले. “अरे, असू दे रे! एवढा मान?” त्यांनी वैद्यनाथांच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला.

“सर, दुसरा...”

“पुरे, पुरे. पोचलं मला.” आणि ते वेलींत शिरले. भिजलेल्या वाफ्यात एक पाऊल स्वच्छ उमटत गेले, एक चिखलाचे.

अलमेलूने कळशी घेतली. “हात पुढे करा, सार.”

ती पाणी ओतू लागली. चिखलाचे पाणी शेतात जाऊ नये म्हणून वैद्यनाथांनी हात रस्त्याच्या बाजूला धरले.