टांग्यातला दुसरा पाय

दीपनगरच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं मीटरचे काटे वाचले. काट्याचा एक मोठा गुण असतो, तो पाल्हाळ लावत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतरही माझं वाचन खताच्या गोणीवरचा मजकूर, एसटीचं वेळापत्रक आणि लग्नपत्रिका यांच्यापलीकडे गेलं नाही. पण हे सगळं मी शेवटपर्यंत वाचतो, अगदी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत.

अशा माणसाच्या घरी होळीच्या सुमारास धुळ्याहून एक कादंबरी आली. ‘अस्तमानाचे उंबरठे’. शंभर वर्षांपूर्वीची, अभिजात, पानं अकराशे त्रेसष्ट. येताना एसटीच्या कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं. कुणाला खोटं वाटेल, पण खिडकीजवळची सीट तिलाच दिली होती.

पाठवणारे नवलनाना, धुळ्याचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा नातू पियुष आणि आमची नात कामिनी जळगावला एकाच कंपनीत. दोघांचं जमलेलं, दोन्ही घरं राजी, अडले होते एकटे नाना. फोनवर म्हणाले, “ज्याला पुस्तक शेवटाला नेता येत नाही, तो सोयरीक काय नेणार? वाचा निंबाभाऊ. हिवाळ्यात भरीत खायला येतो, तेव्हा बोलू.”

कामिनी म्हणाली, “आबा, माझं लग्न आता तुमच्या हातात आहे.”

हातात होतंच. एका हातात मावत नव्हतं म्हणून दोन्ही हातांत होतं.

बसलो वाचायला. नायक जिना चढतो, त्याला सदतीस पानं. मधल्या पायरीवर त्याला आजोबा आठवतात, तर त्या आठवणीत आजोबाही जिनाच चढत असतात! मग नायिका सौदामिनी टांग्याशी येते. इकडे आमच्या घरात आढ्याला केळीचा हिरवागार घड टांगला होता. तिने टांग्यात एक पाय ठेवला तेव्हा घड पिकला. मग कादंबरीत चांदणं पडलं. चांदणं सरेना. घड काळा पडला, म्हशीने खाल्ला, म्हैस व्याली, तरी बाईचा दुसरा पाय जमिनीवरच. दोनशे बाराव्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि नानांना फोन लावला, “झाली वाचून. काय शेवट आहे, नाना!”

पुस्तक बेबाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, गच्चीवर नेलं. तिथे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते, त्या कापडाच्या कोपऱ्यावर वजन हवं होतं. अभिजात साहित्याचं वजन मला त्या दिवशी पटलं.

हिवाळ्यात नाना आले. केळीच्या बांधावर कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, त्यात हिरवी वांगी भाजायला टाकली. बेबाबाई मिरच्या ठेचत होती. नाना खाटेवर मांडी घालून बसले.

“बोला निंबाभाऊ. शेवट कसा वाटला?”

मी तर दोनशे बारावरच थांबलो होतो. पण कामिनीचा चेहरा आठवला आणि जीभ आपोआप सुटली. “नाना, तो घोडा उधळतो ना, आणि टांगा थेट तापीच्या पुरात...”

नानांनी डोळे मिटले. “अहाहा! त्या घोड्याच्या डोळ्यांतलं पाणी! मी तीनदा वाचलं ते पान.”

मी चमकलो. जरा पुढे सरकलो. “आणि पलीकडच्या काठावरून तो उंट उडी घेतो तेव्हा?”

“उंट!” नाना गदगदले. “जागतिक साहित्यात तसा उंट नाही.”

“आणि उंटावर तिची सासू.”

“सासूशिवाय त्या उंटाला अर्थच नव्हता, भाऊ.”

ठेचणं थांबलं. बेबाबाईचं माहेर साक्रीकडचं. रागात आली की ती माहेरच्या बोलीवर जाते.

“तुम्ही दोन्हीबी लबाड शेतस!” ती म्हणाली. “मी बठ्ठं वाचेल शे, पार शेवटापर्यंत. कावळे हाकलत अकरा दिवस गच्चीवर बसले होते, दुसरं करणार काय?” आणि पिशवीतून कादंबरी काढून तिने शेवटचं पान उघडलं. अकराशे त्रेसष्टाव्या पानावर ज्वारीच्या पिठाचा अंगठा उमटला होता.

नाना खाटेवरच आक्रसले. हळूच म्हणाले, “मी एकशे नव्वदवर थांबलो. चाळीस वर्षं शिकवली ती.”

“म्हणजे मी बावीस पानं पुढे!” मी म्हणालो.

“पण अक्का,” नानांतला प्राध्यापक पुन्हा जागा झाला, “ते चांदणं? तेही सगळं वाचलंत?”

“चांदणं आलं की दहा पानं उलटायची. बिबड्याची एक बाजू वाळली की आपण उलटवतोच ना? का त्याच्याशी बोलत बसतो?”

वांगी जळायला लागली होती, पण आम्हा दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं. नानांनी मला कोपराने ढोसलं, मी त्यांना. अखेर त्यांनीच विचारलं, “अक्का, मग शेवटी होतं काय?”

बेबाबाईने पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं. “तुमचाच नियम ना, पुस्तक शेवटाला नेईल त्याने सोयरीक न्यावी? मी नेलं. आधी सुपारी फोडा, मग सांगते.”

नानांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. मिरच्यांच्याच वरवंट्याने सुपारी फुटली. कामिनीला फोन लागला, पलीकडे ती आणि पियुष एकदमच ओरडले.

“आता सांगा!” नाना म्हणाले.

“अकराशे साठाव्या पानावर सौदामिनीला कळतं, की टांग्याला घोडाच जोडलेला नाही.”

“मग?”

“मग पायी जाते. तीन पानांत पोहोचते.”