सांतानचा वाटा

इनासिया वाळूत मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "माझो वाटो मी उचलूचंय नाय."

झालं! किनाऱ्यावरचे सगळे हात जागच्या जागी थांबले. कारण त्या वाडीत रापण, म्हणजे सगळ्या वाडीचं ते मोठं जाळं, दोराने किनाऱ्यावर ओढायचा कायदा बापजाद्यांपासून ठरलेला. ज्याने दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो बाप्या असो की बाई, हिंदू असो की किरिस्तांव. आणि शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत पहिल्यानेही आपला वाटा किनाऱ्यावरून हलवायचा नाही. बाई बसली ती सगळ्यांच्या मासळीवरच बसली म्हणा ना.

त्या सकाळी जाळ्यात बांगडे आले होते बेताचेच. कचरा मात्र भरभरून. बाटल्या, चिप्सच्या पिशव्या, थर्माकोल, एकेकटी चप्पल. रापणीचा म्होरक्या भाई नेहमीसारखा म्हणाला, "फेका परत दर्यात." आणि नेमकी तिथेच इनासिया अडली.

आता तिचं दुखणं काय ते सांगायला हवं. पूर्वी अख्ख्या वाडीचा कचरा तिच्या घरामागच्या घळीत पडायचा आणि तिन्हीसांजेला पेटायचा. काडी कोण लावायचं? सगळेच. धूर तेवढा तिच्या एकटीच्या घरात. तिचा नवरा सांतान, एके काळी भाईच्या जोडीने दोर ओढणारा गडी, आता अंगणातून पडवीत येईपर्यंत धापा टाकतो. डॉक्टर म्हणाला, धूर टाळा. टाळा म्हणे! घर काय डोक्यावर घेऊन फिरायचं?

तेव्हा इनासिया पंचायतीच्या मागे हात धुऊन लागली. किनाऱ्यावरची रिकामी शेड मिळवली, हातगाडी मिळवली, आणि दारोदार फिरून सुका कचरा गोळा करायचं काम स्वतःच घेतलं. घळ बंद झाली. सांतान रात्रभर झोपू लागला. पण लोकांचा आळस! पिशव्या धुऊन ठेवायच्या कोणी? त्यापेक्षा चुलीत सारलेल्या बऱ्या. शेड काही भरेना. मालवणहून माल न्यायला येणारा टेम्पोवाला विनीत वैतागला. अर्ध्या गाडीसाठी मी डिझेल जाळणार नाही, या शनिवारी शेड भरलेली नसेल तर ही शेवटची खेप, असं त्याने तोंडावर सांगितलं. मग पंचायतीनेही ठरवून टाकलं की टेम्पो बंद झाला तर शेड रापणीची जाळी ठेवायला द्यायची. भाईने ती कधीपासून मागितलीच होती. आणि कचरा? घळ होतीच की!

"वयनी, ऊन वर इला. मासळी कुसतली. उचल वाटो," भाई म्हणाला.

इनासियेने कचऱ्याच्या ढिगाकडे बोट केलं. "भाईनू, ह्या कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? दर्याचा."

"त्या दिसा व्यापाऱ्याक काय सांगलात? रापणीत जा इला, ता दोरावरच्या सगळ्यांचा."

गेल्या आठवड्यात वाटे घालायच्या आधीच मोठाल्या सुरमया उचलू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला भाईने याच शब्दांत झापलं होतं. त्या बोलण्याचं कौतुक अजून चहाच्या टपरीवर चाललं होतं.

"ता मासळीचा गो!"

"मासळीचा म्हणूक नाय होतात. जा इला ता, म्हणालात. मग ह्याचेय वाटे घाला. तवसर मी हयसून हलूचंय नाय."

मासळी बाजारात नेऊन विकणारी शेवंती पाटी आपटून ओरडली, "खुळावलंस काय गो इनास? माझो बाजार बुडयतंस!"

"आज तुझो बाजार बुडात. माझो घोव धुरात घुसमटा होतो, तेव्हा तू खंय होतंस?"

बोलून गेली खरी, पण इनासियेला आतून लाज वाटत होती. दोरावरचा माणूस आजारी पडला तर त्याचा वाटा घरपोच जातो, आणि सांतानचा वाटा भाईने एकदाही चुकवला नव्हता. अशा माणसाशी चारचौघांत भांडायचं! पण तिला ती घळ दिसत होती, घळीतली काडी दिसत होती. तिने मांडी आणखी घट्ट केली.

वर घारी जमल्या. माशा घोंघावू लागल्या. कोणी शिव्या घातल्या, कोणी हात जोडले. ही ढिम्म. शेवटी भाईने डोक्याचा पंचा काढून वाळूवर आपटला.

"घाल गो शेवंती! घाल ह्याचेय वाटे!"

शेवंतीने कचऱ्याचे ढीग घातले, आणि भाई दर्याकडे तोंड करून उभा राहिला. कुठला ढीग कोणाला जातोय ते नाव घेणाऱ्याला दिसू नये, ही तिथली रीत. शेवंती एकेका ढिगाला हात लावून विचारू लागली, "हो कोणाचो?" भाई पाठमोऱ्यानेच नाव घेई. नाव आलेला माणूस कुरकुरत आपला ढीग जवळ ओढी.

"हो कोणाचो?"

"सांतानचो," भाई सवयीने बोलून गेला.

शेवंतीचा हात ढिगावर तसाच राहिला. इनासिया उठली, पुढे झाली आणि ढिगातल्या बाटल्या ओच्यात भरू लागली.

वाटणी चालू असताना भाई कधी वळत नसे. आज वळला.

"ठेव ता," तो म्हणाला. "सांतानान आपलो वाटो कधीच घेतल्यान, धुरात."

त्याने तिच्या ओच्यातल्या बाटल्या काढून घेतल्या, उरलेला ढीग पंच्यात बांधला, आपलाही वाटा काखोटीला मारला आणि शेडची वाट धरली. मागोमाग सगळे निघाले. मासळी तशीच राहिली, आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही.

शेडच्या दारात भाई थांबला. "जाळी माझ्या घराकडच्या मांगरात रवतली, शेड नको," तो म्हणाला. "रापणीत गावलेलो कचरो आता रोज हयच येतलो. बघूया, विनीतचो टेम्पो कसो भरणा नाय तो. सांग, बाटल्यो खंय टाकू?"

इनासियेने डोळे पुसले, पण दारातून बाजूला झाली नाही.

"आधी धुवा, भाईनू."

भाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि बाटल्या घेऊन विहिरीकडे वळला.