कच्चं चित्रण

"इत्ता, कशात देऊ? पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, की लिंक पाठवू?" लग्नाचं शूटिंग केलेल्या राजीवनने असं विचारलं, जणू चहा घेणार की कॉफी.

सगळ्यांची इत्ता, म्हणजे ताई, असलेल्या नफीसाला यातलं फार कळत नव्हतं. पण केरळातल्या तिरूरात मुलीचं लग्न काढलेल्या कुठल्याही आईला एवढं कळतं, की लिंक म्हणजे इथे बोट लावलं की शारजात उघडतं. तिचा अश्कर शारजात होता. बहिणीच्या, फसीलाच्या, लग्नाचा मांडव, बिर्याणी, नवऱ्यामुलाच्या गाडीवरची फुलंसुद्धा त्याच्या पगारातली. आणि त्यालाच तेवढी सुट्टी मिळाली नव्हती.

"लिंकच दे. आज बघेल तरी पोरगा."

"आधी तुम्ही बघून घ्या. मागाहून अमक्याचा मामा दिसत नाही म्हणून भांडायला येऊ नका."

पडद्यावर निकाह झाला, पाठवणी झाली, मग जावयाची मेजवानी आली. ही मेजवानी सासूने स्वतः उभं राहून वाढायची. राजीवनने हौसेने जावयाच्या कॉलरला इवलासा माइक लावला होता, त्यामुळे घास चावल्याचाही आवाज येत होता. जावयाच्या काकाने विचारलं, "मेव्हण्याला सुट्टी नाही मिळाली का? मॅनेजर आहेत ना?"

गावातला प्रत्येक मुलगा तिकडे मॅनेजरच असतो. कुणी खोदून विचारत नाही. पण नफीसाच्या थोरल्या भावाला, कोयाला, पोट भरलं की जीभ आवरत नाही.

"मॅनेजर तर खराच! नळाखाली खरकट्या ताटांचा मॅनेजर. ताटं त्याला विचारल्याशिवाय हलत नाहीत!"

मेजावर हशा उसळला. आणि मेजामागे पत्तिरीचं, तांदळाच्या पातळ भाकऱ्यांचं, ताट धरून उभी असलेली नफीसाही हसत होती. तोंडावर पदर घेऊन नव्हे, चांगली खळखळून.

समोर व्याही बसले होते, लेक नुकतीच त्यांच्या घरात गेली होती. न हसून काय ताट आपटायचं होतं? पण पडद्यावर यातलं काही दिसत नव्हतं. पडद्यावर आई हसत होती.

"एवढं काप."

"अहो, मस्त आलंय. कसं खरंखुरं वाटतं!"

"काप म्हणते ना!"

त्याने तिच्यासमोर कापलं. तरी नफीसाला लिंकचा भरवसा वाटेना. लिंक म्हणजे सताड उघडं दार. कोण शिरेल, कोण काय उचलेल. कापलेला तुकडा वर कुठे लोंबकळत राहिला असला तर? हातात येईल ते आपल्या ताब्यात.

"हार्ड डिस्कमध्येच दे," ती म्हणाली.

शेजारचा सैदलवी शारजाला परत निघाला होता. परत जाणाऱ्याच्या बॅगेवर अख्ख्या गल्लीचा हक्क. बॅग काट्याला लटकली आणि वजन जास्त भरलं.

"इत्ता, तुमचं काहीतरी एक काढा. लोणचं नाहीतर हा डिस्कचा डबा."

अश्करला लोणच्याशिवाय घास उतरत नाही. नफीसाने लोणच्याची बरणी काढली आणि डिस्क कपड्यांच्या घडीत नीट सरकवली.

पुढच्या आठवड्यात ती अल्बम आणायला गेली, तर राजीवन खुशीत होता. "इत्ता, मुलाला आवडलं ना? कच्चं चित्रणही सगळं भरून दिलंय. फुकट! डिस्क मोकळी होती, म्हटलं बिचारा लग्नाला आला नाही, त्याला सगळंच दिसू दे. लिंक घेतली असती तर नुसती फिल्मच गेली असती."

"कापलेलं?"

"कच्च्यात काय कापायचं? जसं घडलं तसं."

तिने तिथेच पायरीवर बसून सैदलवीला फोन लावला.

"दिलीस?"

"उतरलो त्याच दिवशी. अश्करने अख्ख्या खोलीला जेवायला घातलं, इत्ता. भिंतीवरच्या टीव्हीला लावली आणि आम्हा सगळ्यांना वऱ्हाड्यांसारखं बसवलं."

"किती बघितलंत?"

सैदलवी म्हणाला, "बिर्याणी छान केली होती त्याने."

शुक्रवारी अश्करचा फोन आला. नेहमीच्याच वेळी.

"उम्मा, लग्न झकास झालं. फसीला काय गोड दिसत होती!"

"हो ना."

"कोयामामा सुटलाय नुसता."

"बाळा, ते… व्याही समोर बसले होते रे."

"कुठे? पडद्यावर तर दिसले नाहीत." त्याने अगदी सहज विचारलं. मागे नळ सुरू होता, कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"उम्मा, तुझी बाजूची दाढ पडलीय. हसलीस की फट दिसते. बसवून घे. मी पैसे पाठवतो."

"नको रे. या वयात काय करायचीय?"

"बसवून घे. लोकांसमोर हसावं लागतं तुला."