शेवटी येणाऱ्याचा टॉवेल

मित्रांनो, माझ्या रंगाला हसू नका, एवढी पहिली विनंती. मी टॉवेल आहे आणि चांगला भडक केशरी आहे. आता धुऊन धुऊन विटलोय, कडा उसवल्यात, पोटावर ग्रीसचा काळा डाग आहे. पण तरुणपणी माझा असा काही थाट होता की दुकानात गिऱ्हाईक मला बघून डोळे बारीक करायचं.

गिरणीत आमच्या गठ्ठ्याला रंग जरा जास्तच चढला. बाकीचे कसेबसे खपले. मी आणि माझा जुळा भाऊ मात्र चार महिने फळीवर धूळ खात पडलो. मग एक दिवस एक जोडपं आलं. त्यातला नवरा चष्मेवाला, चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. स्वतः काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. जगाला लख्ख दाखवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा नंबर मात्र मायनस आठ! चष्मा काढला की समोर हत्ती उभा राहिला तरी दिसायचा नाही. दोघांना सुट्टीत समुद्रावर जायचं होतं. त्याने पांढऱ्या टॉवेलला हात घातला, तेवढ्यात बायकोने आम्हाला ओढून काढलं.

"हा कसला रंग! लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू देत. चष्मा काढून पाण्यात शिरता आणि बाहेर येऊन भलत्याच बाईच्या शेजारी बसाल. या रंगाकडे बघत सरळ चालत या. मी यावरच बसलेली असेन."

आणि ती बसायचीच, मित्रांनो. एका कडेला, त्याच्यासाठी जागा ठेवून. तो ओला, अंधारात चाचपडल्यासारखा यायचा आणि ती त्याच्या हातात चष्मा द्यायची. दर वर्षी. मला वाटायचं, असंच चालणार.

मग ती आजारी पडली. दवाखान्याच्या पिशवीतून माझा भाऊ तिच्याबरोबर गेला. परत ना ती आली, ना तो.

त्यानंतरचं घर मी कपाटाच्या फटीतून पाहिलंय. मुलगी दुसऱ्या शहरात, रविवारी फोन करायची. चष्मेवाला दिवसभर दुकानात बोलायचा, पण काय, तर "वरची ओळ वाचा, आता खालची." घरी आल्यावर तोंडातून शब्द नाही. सकाळ तर जाता जायची नाही. एका पहाटे त्याने कपाट उघडलं, मला खांद्यावर टाकलं आणि पोहण्याच्या तलावावर नेलं. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता आणि जेमतेम तीस मीटर पोहला. मला कठड्यावर ठेवलं होतं. चष्मा माझ्या घडीत होता. कठडा गार होता आणि माझ्यावर बसणारं कुणी नव्हतं.

तलावाच्या दारावर एका शर्यतीचा कागद लावला होता. साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल मारायची, लगेच पाच किलोमीटर पळायचं. सगळं सव्वादोन तासांत. त्याने तो कागद रोज वाचला. मग जिन्याखालची सायकल बाहेर निघाली, बूट आले. मुलगी म्हणाली, "बाबा, या वयात कसलं हे खूळ?" तो म्हणाला, "अगं, सकाळ जाते." खरं कारण तेवढंच होतं.

आता माझं काम सांगतो. शर्यतीच्या मैदानात दांड्यांवर शेकडो सायकली टांगलेल्या असतात. प्रत्येकाने आपल्या सायकलखाली टॉवेल अंथरायचा, त्यावर पळायचे बूट मांडायचे, हेल्मेट उलटं ठेवायचं. पोहून यायचं, सायकल घेऊन जायचं, सायकल ठेवून पळायला जायचं. म्हणजे सगळी शर्यत दुसरीकडे, आणि आम्ही टॉवेल जागच्या जागी. खरं सांगायचं तर मी एकही शर्यत पाहिलेली नाही. मी फक्त वाट पाहिलीय.

पहिल्या शर्यतीत घोळ झाला. शेजारचा उंच गडी पोहून आला आणि घाईघाईत त्याने आपला ओला रबरी सूट माझ्यावरच भिरकावला. मी पार झाकला गेलो. थोड्या वेळाने माझा माणूस पाण्यातून आला. पोहण्याचा नंबराचा चष्मा त्याने केला होता, पण बाहेर येताच त्यावर वाफ धरायची. उघड्या डोळ्यांनी तो केशरी रंग शोधत राहिला. या रांगेतून त्या रांगेत, पुन्हा या रांगेत. दोनदा माझ्याजवळून गेला. ओरडावंसं वाटत होतं मला! आजूबाजूला एवढी माणसं होती, "माझी सायकल दाखवता का?" एवढं म्हणायचं होतं. पण ती गेल्यापासूनच्या तीन वर्षांत कुणाकडे काही मागायची सवयच मोडली होती त्याची. अकरा मिनिटं गेली. सायकलवर बसायची ठरलेली वेळ टळली. मैदानावरच्या पंचबाईंनी शिट्टी वाजवली आणि हळूच म्हणाल्या, "सॉरी काका, इथेच थांबावं लागेल."

त्याने सूट बाजूला केला, माझ्यावर बसला, चष्मा लावला. तेवढ्यात फोन आला. "छान झाली गं," तो मुलीला म्हणाला. "हो, पूर्ण केली." त्या रात्री दोरीवर वाळताना मला फार वाईट वाटलं. खोटं बोलला म्हणून नाही. ते पकडायलाही घरात कुणी नव्हतं म्हणून.

पुढचं वर्षभर त्याने एकच ध्यास घेतला. पाऊस असो, थंडी असो, पहाटे पाचला मी खांद्यावर असायचोच. पळताना मात्र पाच किलोमीटरला चाळीस मिनिटांच्या खाली तो येईना.

दुसऱ्या शर्यतीच्या सकाळी मला अंथरून तो शेजाऱ्याकडे वळला. घसा खाकरला. दोनदा. मग म्हणाला, "माझी नजर जरा अधू आहे. या टॉवेलवर काही टाकू नका हं. लांबून मला एवढाच दिसतो."

"अहो काका, बिनधास्त जा. मी बघतो," शेजारी म्हणाला. एवढं सोपं होतं, मित्रांनो! पंचबाई पलीकडेच उभ्या होत्या.

या वेळी तो पाण्यातून निघाला तो नाकासमोर चालत माझ्याकडे. चष्मा, हेल्मेट, सायकल, गेला. मी खूश. पण एकेक सायकल परत आली, एकेक जण पळायला गेला, पळून परतही आला, आणि माझा माणूस येईना. सायकल पंक्चर झाली होती, हे मला नंतर कळलं. शेजारीही टॉवेल झटकून निघून गेला. मैदान ओस पडलं. कामगार दांड्या सोडवायला लागले. सामान गोळा करणारा एक जण आला, मला बुटांसकट गुंडाळलं आणि बेवारस वस्तूंच्या पोत्यात कोंबलं.

माझं तर अवसानच गळालं. बूट माझ्या पोटात. तो आला तर पळणार कसा?

"तो केशरी टॉवेल कुठे गेला?" पंचबाईंचा आवाज आला.

"नुसता पडला होता, बाई. कुणी नाही त्याचं."

"आहे. त्याचा माणूस अजून रस्त्यावर आहे. होता तसा अंथरा."

मला पुन्हा अंथरलं. वारा सुटला होता. पंचबाई माझ्या एका कोपऱ्यावर पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या.

तो आला तेव्हा हात ग्रीसने बरबटले होते. "संपली का वेळ?"

"अडतीस मिनिटं आहेत. बोलू नका, पळा!"

त्याने माझ्या पोटावर हात पुसले, बूट चढवले आणि पळाला. हाच तो डाग. कितीही धुतलं तरी जात नाही, आणि जाऊही नये.

अडतीस मिनिटं किती लांब असतात, हे मला विचारा. शेवटी पावलं वाजली. ओळखीची, फरफटणारी. गळ्यात पदक होतं. अर्धं मिनिट राखून पोचला होता! तो माझ्यावर बसला, पण मधोमध नाही. एका कडेला, शेजारी जागा ठेवून. त्या जागेवर हात फिरवत म्हणाला, "पोचलो गं."

मग त्याने स्वतःहून मुलीला फोन लावला. "शेवटून पहिला आलो! आणि ऐक, मागच्या वर्षी मी खोटं बोललो होतो."

 तिने एवढंच विचारलं, "बाबा, तिथे कुणी होतं का तुमच्यासाठी?"

त्याने मान वर केली. समोर पंचबाई अजून उभ्याच होत्या; त्याने मला उचलेपर्यंत त्या मैदानातून हलल्या नाहीत.

"होतं," तो म्हणाला.

आता त्याचे गुडघे बोलतात, शर्यत बंद झालीय. घर अजून तसंच गप्प आहे. पण वर्षातून एकदा तो मला खांद्यावर टाकून मैदानात जातो आणि शेवटी येणाऱ्याच्या टॉवेलजवळ तो परतेपर्यंत उभा राहतो. म्हणून सांगतो मित्रांनो, मैदान रिकामं दिसलं तरी एकदा खाली बघा. कुणाचे बूट मांडलेले असतील, तर गुंडाळू नका. कोपऱ्यावर पाय ठेवा आणि थोडं थांबा.