बाबा बहिरे निघू देत

कुठल्याही मुलीने मागू नये ते मी त्या सकाळी मागत होते. देवा, बाबांना खरंच ऐकू येत नाही असं निघू दे.

कान तपासणं हा माझा धंदा. बाबा काचेच्या पलीकडे, आवाजबंद खोलीत, हेडफोन चढवून बसले होते. पाठ खुर्चीला टेकलेली नाही आणि कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बाहेर बाकावर आई. उन्हाळ्यात ती एकदा पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणाली होती, "ह्यांचं काही मनावर घेऊ नका हो, ह्यांची बोलायची पद्धतच तशी." झालं. त्या दिवसापासून तिच्या बोलण्याला बाबांकडून हूं की चूं नाही. आधी आईला वाटलं, रुसलेत. रुसवा फारच लांबला तेव्हा तिने ठरवून टाकलं की कान गेले. माझ्याशी बोलतात ते ओठ वाचून, असं तिचं म्हणणं. मग ती ओरडून बोलायला लागली. तिचा घसा बसला आणि आमच्याकडे भाजी कुठली ते शेजाऱ्यांना रोज कळू लागलं. "बिचाऱ्यांना ऐकू येत नाही," असं ती भेटेल त्याला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा निवळायचा.

"मॅडम, सुरुवात करावी," बाबा आतून म्हणाले. घरी मी पोरी, दवाखान्यात मॅडम. जिथला मान तिथे, त्यात तडजोड नाही.

मी ओठांपुढे कागद धरला. मी माइकमध्ये शब्द म्हणायचा, त्यांनी तो परत म्हणायचा, आणि दर वेळी आवाज थोडा खाली आणायचा.

"पाणी."

"पाणी."

"खिडकी."

"खिडकी."

आवाज उतरवला. आणखी उतरवला. एक तरी चुका हो, बाबा. एक तरी.

"माती," मी म्हटलं. हा आवाज तरण्याताठ्या पोरांनाही जेमतेम ऐकू येतो.

"माती," बाबा खणखणीत म्हणाले.

माझं डोकं फिरलं. शब्दांची यादी बाजूला सारली.

"हेकट," मी कुजबुजले.

"हेकट."

"आडमुठा."

"आडमुठा."

"तुसडा. शिष्ट. ताठर. गर्विष्ठ."

त्यांनी चारही शब्द ओळीने म्हटले, एकाचाही उच्चार न बिघडवता. कोणाबद्दल चाललंय हे त्यांच्या गावीही नसल्यासारखं.

"आढ्यतेखोर, दीडशहाणा, मोडेन पण वाकणार नाही!"

"जरा सावकाश, मॅडम. आढ्यतेखोर. दीडशहाणा. मोडेन पण वाकणार नाही." शेवटच्यावर तर मान किंचित उंचावली. मला हसू आलं आणि हसू आल्याचा संतापही आला. मी बटण अगदी तळाला नेलं.

"आई रात्री रडते."

बाबांनी मान खाली घातली. आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

"हा शब्द नव्हे," ते म्हणाले. "हे वाक्य आहे."

मी उठले, दार उघडून बाहेर आले. आई धडपडत उभी राहिली.

"काय निघालं गं? येत नाही ना ऐकू?" बसक्या आवाजात तिने माझा हात धरला. "मी मेली उगाच रात्र रात्र जागले. म्हटलं, एका वाक्यापायी माणूस इतका कसा तुटतो? पण ऐकूच येत नसेल तर राग कसला, नाही का?"

काय सांगणार होते? खरं सांगावं तर तिच्या पायाखालची जमीन जायची. खोटं सांगावं तर हा माणूस नामानिराळा सुटायचा, आणि ते माझ्या जिवाला पटत नव्हतं.

"मॅडम." बाबा मागे दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "यंत्र द्या."

"कशाला?" मी फणकारले.

"ऐकू यायला. यंत्र आणखी कशाला असतं?"

'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता, आणि आजही ऐकणार नव्हते. मी कपाटातून दाखवायला ठेवलेलं यंत्र काढलं. नुसतं टरफल, आत ना सेल ना काही. बाबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. त्यांना कळलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने कान पुढे केला.

मी ते बसवलं. आईने छाती भरून श्वास घेतला आणि सगळा दवाखाना वळून बघेल अशी ओरडली, "अहो! आता! घरी! जायचं ना?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय मला."

आई त्यांच्या कोटाची बाही मुठीत धरून नुसती उभी राहिली.