केबिन दोनशे चौदाचा दुसरा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. पितळेचा, बिस्किटाएवढा, मधोमध २१४ कोरलेला. आवाज जरा दबका येत असेल, कारण मी कोटाच्या खिशात आहे. या खिशात पोहोचायला मला काय काय करावं लागलं, ते ऐकाच.

मी डॅन्यूब नदीवरच्या एका प्रवासी जहाजाचा. जहाजाच्या दाराशी एक लाकडी फळा होता आणि त्यावर दर केबिनचे दोन-दोन बिल्ले. किनाऱ्यावर उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर खिळ्याला अडकवायचा. एक जरी खिळा रिकामा असला तरी जहाज सुटायचं नाही. एवढासा मी, पण कप्तानसुद्धा माझ्यावर नजर टाकल्याशिवाय दोर सोडत नसे!

माणसं मी भरपूर पाहिली. कुणी मला बाटलीचं झाकण उघडायला वापरलं, कुणी विजारीसकट धुलाईला टाकलं. बाजारातून भांडून आलेली जोडपी तर आम्हाला अशी आपटायची, जणू गुन्हा आमचाच!

मग गेल्या वर्षी डेन्मार्कहून प्रेबेन आणि इंगर आले. प्रेबेनने जन्मभर पायी हिंडून टपाल वाटलेलं. पण अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय ओढत चालायची वेळ आली. तेव्हापासून गड्याने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. लोक बघतात म्हणे! इंगरने त्याला कसंबसं गाडीत घालून जहाजापर्यंत आणलं, चार देश दोघांनी मिळून बघायचे म्हणून.

"मला खिडकीतून दिसतात की देश," तो म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

जर्मनीत पासाऊला इंगर एकटीच उतरली. ऑस्ट्रियात लिन्झलाही तेच. माझा जोडीदार बिल्ला तिच्याबरोबर गावभर भटकून यायचा, केकचे वास घेऊन, आणि मी आपला खिळ्यावर. मला भयंकर राग यायचा. म्हटलं, या म्हाताऱ्याला उतरवल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही. पण बिल्ला करणार काय? जे करायचं ते इंगरनेच केलं.

पुढच्या गावी, मेल्कला, जहाज सुटायची वेळ झाली. सगळे बिल्ले आले, फक्त तिचा नाही. केबिन दोनशे चौदाचा पुकारा झाला, तसा प्रेबेन काठी टेकत, धापा टाकत दाराशी आला. चेहरा पांढराफटक.

"कुठंय ती? पडली-बिडली तर नाही ना?"

"त्या काय, समोर बसल्यात," स्वागतिका जुझा म्हणाली. "दोनदा हाका मारल्या. येत नाही म्हणतात."

धक्क्यावरच्या बाकावर इंगर बसली होती. मांडीवर केकचा खोका, मुठीत बिल्ला.

"इंगर! वेड लागलंय का तुला? जहाज थांबलंय!"

"थांबू दे."

"कप्तान ओरडतोय!"

"ओरडू दे. तू इथवर आलास की मी उठेन. नाहीतर जा एकटा बुडापेस्टला."

"अगं, लोक बघताहेत!"

खरंच, कठड्याला गर्दी झाली होती. इंगरने वर पाहिलं आणि हात हलवला. "बघू देत रे! बघायलाच तर आलेत सगळे!"

वर हशा पिकला. प्रेबेन लालबुंद झाला. एक शिवी हासडून त्याने धक्क्यावर उतरायच्या फळीवर पाय टाकला, तशी जुझा आडवी आली. "बिल्ल्याशिवाय उतरता येत नाही, साहेब." आणि तिने मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात ठेवलं.

त्याचा तळवा घामाने भिजला होता. उतरती फळी, एका हातात काठी, दुसऱ्यात मी. मध्येच त्याचा पाय अडला. इंगर अर्धवट उठली आणि परत बसली. मी मनात म्हणत होतो, चल बाबा, चल! आणि तो चालला.

बाकावर धपकन बसून तो म्हणाला, "हट्टी बाई आहेस."

"केक खा," ती म्हणाली आणि रडू लागली.

पुढे स्लोव्हाकियात, हंगेरीत आम्ही दोघे बिल्ले रोज बरोबर उतरलो. पुढच्या मोसमात आमच्या जागी कार्डं येणार होती, म्हणून निरोपाच्या दिवशी जुझाने आम्हाला त्यांनाच देऊन टाकलं.

आता डेन्मार्कमध्ये त्यांच्या दारामागे दोन खिळे आहेत. फिरायला जाताना प्रेबेन मला घेतो, आल्यावर अडकवतो. कधी पाय दुखतो, कधी गार वारा सुटतो, तेव्हा तो खिळ्यापाशी घुटमळतो. इंगर नुसती बाहेर जाऊन बाकावर बसते.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. कधी त्यांच्याकडे आलात आणि खिळे रिकामे दिसले, तर घाबरून शोधाशोध करू नका. दाराशी थांबा. आम्हाला यायला जरा वेळ लागतो, पण आम्ही चालत येतो.